सुक्या जमिनीवरची काठी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दूर बघायला सांगितलं नसतं, तर मी जन्मात गोल्फच्या काठीला हात लावला नसता.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे साड्यांचं कापड रंगवणाऱ्या कारखान्यात, मी लॅबमध्ये शेड जुळवायचं काम करत होते. व्यापाऱ्याकडून चिंधीएवढा नमुना यायचा आणि हुबेहूब तोच रंग आमच्या कापडावर उतरवून द्यायचा. दिवसभर दोन तुकडे शेजारीशेजारी धरायचे आणि कुठला जरा लालसर, कुठला जरा हिरवट, ते सांगायचं. नव्वदचं दशक निम्मं सरलं आणि संध्याकाळी बाहेर पडल्यावर मला बसची पाटी वाचता येईना. दोन तुकड्यांतला केसाएवढा फरक दिसत होता, पण समोरून येणारी बस दिसत नव्हती. मी घाबरले. डोळे गेले तर माझं कामच गेलं असतं, आणि त्या कामाशिवाय मला स्वतःचं असं काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, डोळे बिघडलेले नाहीत, जवळचं बघून बघून आखडलेत. दूर बघत जा. मी विचारलं, काय बघू? ते म्हणाले, काहीही बघा, हलतं असेल तर आणखी बरं.

आम्ही तापीपलीकडे, समुद्राच्या बाजूला एका कंपनीच्या कॉलनीत राहत होतो. नवरा त्या कंपनीत मेंटेनन्सला इंजिनिअर होता, आणि अमळनेरकडच्या माझ्या सासूबाई आमच्याजवळ राहायच्या. कॉलनीला लागून गोल्फचं मैदान होतं. मैदान म्हणायचं इतकंच. काळी जमीन, तिच्यावर उगवेल ते गवत, आणि झेंड्यांभोवती हिरवळीऐवजी जळक्या तेलात मळलेली वाळू. नवरा दर रविवारी सकाळी तिथे जायचा. एका रविवारी मीही गेले, डॉक्टरांनी सांगितलेलं हलतं काहीतरी बघायला. नवऱ्याने चेंडू मारला, पांढरा ठिपका वर गेला, लहान होत होत गेला, आणि मी त्याच्यामागे डोळे ताणत राहिले. तो पडला तिथे धूळ उडाली, तीही मला दिसली. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याच्या हातातली काठीच काढून घेतली.

माझा पहिला फटका चेंडूला लागला नाही, दुसरा आणि तिसराही नाही. पण एक लागला. तो फार लांब गेला नाही, मात्र मीच मारलेल्या चेंडूकडे दूर बघायची चटक लागली ती लागलीच.

आता अडचण वाराची होती. मैदानावर बायकांसाठी बुधवारची सकाळ राखून ठेवलेली असे. बुधवारी सकाळी बायका मोकळ्या असतात असा क्लबच्या समितीचा समज होता. मी बुधवारी सकाळी पांडेसऱ्याच्या शटल रिक्षात चौथी बसलेली असायची. मला सुट्टी रविवारची, आणि रविवारी खेळायचं तर नाला ओलांडून दाखवावा लागे.

पाचव्या होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या पाचव्या खड्ड्याच्या वाटेवर एक पावसाळी नाला आडवा गेला होता. नवा खेळाडू तिथे चेंडूमागून चेंडू घालवतो आणि मागची मंडळी उन्हात ताटकळतात, यावरून म्हणे पूर्वी कधी मोठं भांडण झालं होतं. तेव्हापासून रिवाज पडला तो असा. समितीच्या दोघांसमोर तीन चेंडू मारायचे. त्यातले दोन नाल्यापलीकडच्या चुन्याच्या रेघेपार गेले पाहिजेत. चेंडू खुंटीवर ठेवायचा नाही, जमिनीवरूनच मारायचा. काठी एकच, कुठली ते आधी सांगायचं, आणि मग बदलायची नाही. हा कार्यक्रम वर्षातून दोनदाच व्हायचा, एकदा संक्रांतीनंतर आणि एकदा ऐन उन्हाळ्यात. मी पार झाले नाही तर माझं खेळणं तिथेच संपणार होतं, कारण बुधवार मला कधीच मिळणार नव्हता.

क्लबचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ होते, अस्सल सुरती, बोलायला गोड. मी नाव द्यायला गेले तर म्हणाले की नाला बायकांना जड जातो, बुधवारचंच काही जमवा ना. माझ्या नवऱ्याला हा नाला ओलांडायला लावला होता का, असं मी विचारलं. ते जरा हसले आणि म्हणाले, त्यांची गोष्ट वेगळी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येईपर्यंत मी चंग बांधला होता.

नवऱ्याला मात्र माझं कौतुक होतं, हे कबूल केलं पाहिजे. दिवाळीला त्याने मुंबईहून माझ्यासाठी नव्या आयर्न काठ्यांचा अख्खा संच आणवला. आयर्न म्हणजे चपट्या, पात्यासारख्या डोक्याच्या काठ्या. या नव्या काठ्यांचं पातं मागून पोकळ होतं आणि सगळं वजन कडेला होतं. त्याचा फायदा त्याने मला जेवणाचं ताट उभं धरून समजावला. वजन कडेला असलं की चेंडू मधोमध न लागता जरा बाजूला लागला तरी पातं हातात फिरत नाही, आणि चेंडू फारसा भरकटत नाही.

"ही काठी चूक माफ करते," तो म्हणाला.

आमच्या लॅबमध्ये कुणी कुणाला काही माफ करत नाही, असं मी म्हटलं. पण मनातून खूश होते. माझ्या उंचीचा, माझ्या मुठीचा विचार करून कुणी मला काही आणलं होतं, आणि ते भांडंकुंडं नव्हतं.

दुसरी काठी माझ्याकडे आली ती अशी. कंपनीच्या नव्या प्लांटसाठी एक परदेशी तज्ज्ञ आले होते. त्यांची बायको संध्याकाळी मैदानावर एकटीच चेंडू मारत असायची, तिथे आमची तोंडओळख झाली. परत जाताना सामान आवरताआवरता तिने मला एक काठी दिली. अशी काठी आमच्या मैदानावर कुणी पाहिली नव्हती. गोल्फमध्ये लांब मारायच्या, गोल डोक्याच्या काठ्यांना वूड म्हणतात, जरी त्या आता धातूच्या असल्या तरी. ही काठी वूड आणि आयर्न यांच्या मधली होती. डोकं वूडसारखं फुगीर पण मुठीएवढंच, बूड गोलसर, आणि दांडा आयर्नइतका आखूड. नवऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि तिचं नाव खिचडी ठेवलं. सासूबाईंनी बोटाने टकटक करून विचारलं, "हाई लाकूड शे का लोखंड?" त्याचं उत्तर त्या वेळी मलाही नीट देता आलं नसतं.

नाल्यासाठी माझ्यापुढे दोनच काठ्या होत्या, नवऱ्याने दिलेल्या संचातली, लांब मारायची चार नंबरची आयर्न आणि ही खिचडी. बाकीच्या काठ्यांनी माझा चेंडू तेवढा लांब जात नव्हता. मी ठरवलं की मनाला वाटतं म्हणून निवडायचं नाही, दोन्ही पारखून घ्यायच्या. पारखणं हेच तर माझं पोटापाण्याचं काम. कामावर निघायच्या आधी, उजाडताच मी मैदानाच्या सरावाच्या कोपऱ्यात जाऊ लागले. जागा तीच, चेंडू तेच, एक फटका या काठीचा, एक त्या काठीचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशामुळे पडला ते कळत नाही, हे लॅबमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात.

हिवाळा होता. गवतावर दव, जमीन मऊ. आयर्न त्या मऊ जमिनीत सहज शिरायची, मातीचा लहानसा तुकडा उडायचा आणि चेंडू सरळ निघायचा. जरा टोकाकडे लागला तरी दिशा सोडायचा नाही. ताटाची गोष्ट खरी होती. खिचडीने चेंडू उंच जायचा खरा, पण डावीकडे वळायचा, आणि मी तिला वूडसारखी झाडल्यागत फिरवायची, तेव्हा तर चेंडूच्या डोक्यावरून घसरायची. संक्रांत आली तोवर माझं ठरलं होतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की त्याला आधीपासूनच माहीत होतं.

परीक्षा रविवारी दुपारी चहाच्या आधी होती. मी आयर्नचं नाव सांगितलं. नवरा बाजूला उभा होता, आणि समितीचे दोघे खुर्च्यांवर बसले होते. पहिला चेंडू मी रोजच्यासारखाच मारला. हाताला खणकन झटका बसला, पातं जमिनीवर आपटून उसळलं, आणि चेंडू पोटात लागून जमिनीसरपट पळत नाल्यात गेला. दुसरा कसाबसा रेघ ओलांडून गेला. तिसऱ्याला पुन्हा तोच खणका, आणि पुन्हा नाला.

सेक्रेटरी उठून म्हणाले की छान प्रयत्न केलात, बेन. नवरा वाटेत म्हणाला की मी डोकं लवकर वर उचललं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

कारण कळलं ते दोन दिवसांनी, आणि तेही लॅबमध्येच. गुलाबी रंगाचा एक लॉट निघायचा होता. घाईत असलेल्या सुपरवायझरने ओला तुकडा माझ्यापुढे धरला आणि पास करा म्हणाला. ओलं कापड नेहमी गडद दिसतं. इस्त्रीने सुकवलं तरी गरम असेपर्यंत वेगळं दिसतं, निवल्यावर खरा रंग कळतो. म्हणून आमच्याकडे काही झालं तरी ओला तुकडा पास करत नाहीत. मी सवयीने म्हटलं, सुकू दे, मग बघू. आणि म्हणताम्हणता माझे हात जागच्या जागी थांबले. मी दोन महिने दवात भिजलेल्या जमिनीवर काठ्या पारखत होते, आणि परीक्षा दुपारच्या उन्हात वाळून टणक झालेल्या जमिनीवर होती. मी ओला तुकडा पास केला होता. साडीवाल्याच्या बोटभर चिंधीला मी सुकू देत होते, आणि स्वतःच्या रविवाराला दिलं नव्हतं. मला हसूच फुटलं. सुपरवायझर बिचारा रंगात काही चुकलं की काय म्हणून तुकडा उजेडात धरून बघायला लागला.

त्यानंतर मी पहाटे जाणं बंद केलं. रविवारी सगळे खेळून घरी जेवायला गेले, की भर दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळून मी सरावाच्या कोपऱ्यात जायची. तिथे चेंडू मारायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि त्या उन्हात कुणी फिरकतही नव्हतं. लॅबमधून टाकाऊ रंगाची चिमूटभर पूड आणायची, पाण्यात घट्ट कालवायची आणि काठीच्या तोंडाला लावायची. फटका मारला की चेंडू नेमका कुठे लागला त्याचा डाग काठीवर उमटे. नवऱ्याचे पांढरे चेंडू गुलाबी, पोपटी आणि जांभळे झाले. तो वैतागला, म्हणाला की रंगपंचमी अजून लांब आहे.

डागांनी मला दोन्ही काठ्यांचा स्वभाव सांगितला. माझी एक चूक आडवी होती. चेंडू मधोमध न लागता टोकाकडे लागायचा. ती चूक आयर्न खरंच माफ करत होती. पण टणक जमिनीवर माझी दुसरीच चूक निघाली, आणि ती उभी होती. आयर्नचं रुंद बूड जमिनीवर आपटून उसळायचं आणि चेंडू पात्याच्या अगदी खालच्या धारेवर लागायचा. त्या चुकीला आयर्नकडे माफी नव्हती. चेंडू उठायचाच नाही. खिचडीचं वजन खाली आणि मागे होतं, बूड गोल होतं. जमिनीला घासून ती अडखळण्याऐवजी सरकायची, आणि चेंडू तोंडाच्या खालच्या भागात लागला तरी हवेत उठायचा. तिचा डावीकडे वळायचा खोडसाळपणा होताच. पण तिला झाडूसारखी न फिरवता आयर्नसारखी वरून खाली मारायला लागले, तसा तोही बराच कमी झाला. म्हणजे दोघीही माफ करणाऱ्याच होत्या. मला माझ्या चुकीला माफ करणारी हवी होती, आणि माझी चूक कुठली हे सुक्या जमिनीवरच कळत होतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड पडलं. त्याला वाटलं मी त्याची भेट नाकारते आहे. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग मीच विषय काढला. जवळच्या फटक्यांना, सात-आठ-नऊ नंबरला, त्या आयर्नसारखं दुसरं काही नाही आणि त्या मी कुणाला देणार नाही, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण नाला मला ओलांडायचाय, तुम्हाला नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला की सगळ्यांसमोर ती खिचडी काढशील तर लोक हसतील. हसू देत, मी म्हटलं.

उन्हाळ्यातल्या परीक्षेच्या दिवशी जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. घरातून निघताना सासूबाई दारात आल्या. त्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी संक्रांतीला कशी घरी आले होते ते त्यांनी पाहिलं होतं.

"जाय, पन आते हारीसन येवू नको," त्या म्हणाल्या.

मी खिचडी पिशवीतून काढली आणि याच काठीने मारणार असं सांगितलं. समितीतले दुसरे सदस्य हसले. सेक्रेटरींनी काठी हातात घेऊन पाहिली आणि ही चालते का, असं त्या दुसऱ्या सदस्यांना विचारलं. काठी एकच हवी एवढाच नियम आहे, कुठल्या घराण्याची हवी असा नाही, असं मी म्हटलं. नवरा नाल्याकडे बघत उभा राहिला.

पहिला चेंडू मारला तेव्हा काठी जमिनीला घासल्याचं मला हाताला कळलं. तशीच आयर्न असती तर खणका बसला असता. चेंडू उठला, नाल्यावरून गेला आणि रेघेपलीकडे धूळ उडाली. दुसरा मी घाईत मारला. तो आधी सरळ गेला, मग डावीकडे वळला आणि नाल्याच्या पलीकडच्या काठावर आपटून आत घरंगळला.

ऊन मी म्हणत होतं. सेक्रेटरींनी रुमालाने मान पुसली, चहाच्या किटलीकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"बेन, हो गया समजो. किनारे तक तो पहुँचा. चलो, चा पीते हैं."

ते मनापासून म्हणाले, हे मला दिसत होतं. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला, तेही दिसलं. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, की हो म्हण. रविवार माझ्या हातात आला होता, फक्त मान डोलवायची होती. पण मला ओला तुकडा दिसत होता. मी हो म्हटलं असतं तर पुढच्या प्रत्येक रविवारी त्या नाल्याशी आले की कुणीतरी मनात म्हणालं असतं, हिला चहाच्या वेळेने पास केलंय. आणि सगळ्यात आधी ते मीच म्हटलं असतं.

"साहेब, अजून एक चेंडू आहे," मी म्हटलं.

ते पुन्हा बसले. मी पाय रोवले. चेंडू दोन भेगांच्या मधे होता, तो तिथून हलवला नाही. या वेळी घाई केली नाही. काठी वरून खाली आणली, ती घासली, सरकली, आणि चेंडू निघाला. तो वर गेला, डावीकडे जरासा झुकला, आणि मी डोळे त्याच्यामागे ताणले. रेघेच्या पुष्कळ पलीकडे एक लहानशी धूळ उडाली. पार झाला, असं मी म्हटलं. खुर्चीवरच्या दोघांनाही ती धूळ दिसली नव्हती. त्यांनी माणूस पाठवला, आणि त्याने पलीकडून हात वर केला.

पुढच्या रविवारी सकाळी मी नवऱ्याबरोबर खेळायला उतरले. पहिल्या चार होलांवर मी कसं खेळले ते सांगण्यासारखं नाही. पाचव्याला आलो. आधी नवऱ्याची पाळी होती. त्याने त्याची आयर्न काढली, हातात तोलली, आणि मारली. खणकन आवाज आला. चेंडू जमिनीसरपट पळत नाल्यात गेला. त्याने दुसरा चेंडू काढला, दुसरा मारला. तोही गेला. मी लांब समुद्राकडे बघत उभी राहिले. हसले असते तर संध्याकाळचा चहा मिळाला नसता.

मग त्याने माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"तुझी ती खिचडी दे जरा."

मी दिली. झाडू नका, वरून खाली मारा, एवढंच सांगितलं. त्याने मारला. चेंडू उठला आणि नाल्यावरून उंच, सकाळच्या उन्हात गेला. नवरा हाताचा आडोसा करून बघत राहिला, मान इकडून तिकडे वळवत राहिला, आणि मग म्हणाला की गेला कुठे कोण जाणे, दिसलाच नाही.

"पलीकडे, बाभळीच्या उजव्या बाजूला पडलाय," मी म्हटलं. मला तो पडताना दिसला होता.